पुरात गेलेली स्पोर्ट्स कार घेताय? आधी हे बघा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस माझं एकच काम होतं, गाड्यांचे दरवाजे उघडायचे. आधी पाणी बाहेर यायचं, मग गाळ, मग तो वास, जो घरी जेवायला बसलं तरी हाताला असायचा. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर एक फोन हमखास येतो. आवाज तरुण असतो, कधी मुंबईचा, कधी इथलाच. "दादा, एक टू-सीटर मिळतेय, बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यात. थोडंसं पाणी लागलंय, बाकी एकदम ओके."

ज्यांना असा सौदा समोर आलाय आणि ज्यांनी याआधी कधी पाण्यात गेलेली गाडी उघडलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणांवरून उघड्या टपाची गाडी न्यावी, डाव्या-उजव्या हाताला समुद्र दिसत राहावा, ही हौस मला पूर्ण कळते. ती पुरी व्हावी असंच मला वाटतं. म्हणूनच खाली सांगितलेल्या क्रमाने जा, आणि मधली पायरी गाळू नका.

आधी घरी बसून हिशेब

गाडी बघायला जाण्याआधी कागद-पेन घ्या. विमा असलेल्या गाडीची एक ठरलेली किंमत पॉलिसीत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. तुमच्यासमोर आलेली गाडी बहुतेक वेळा याच वाटेने आलेली असते.

आता आकडे मांडू. समजा आयडीव्ही २० लाख होती. म्हणजे दुरुस्तीचा अंदाज १५ लाखांच्या वर होता. तुम्हाला गाडी ६ लाखांना मिळतेय. ६ आणि १५ मिळून २१ झाले. तेवढ्यात तशीच, पाणी न लागलेली गाडी बाजारात मिळत होती. विमा कंपनीने हिशेब करूनच ती गाडी सोडलेली आहे. तो हिशेब तुम्ही कशाच्या बळावर बदलणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

उत्तरं आहेत, नाही असं नाही. कंपनीच्या वर्कशॉपचा अंदाज सगळे नवे पार्ट आणि तिथली मजुरी धरून असतो. तुम्ही जुने पार्ट शोधाल, अर्धं काम स्वतः कराल, ओळखीचा मेस्त्री रास्त पैसे घेईल. पण एक उलटी बाजूही आहे. तो अंदाज विमा कंपनीच्या सर्व्हेअरला जे दिसलं त्यावर बांधलेला असतो. जे दिसलं नाही, जे सहा महिन्यांनी बाहेर येणार आहे, ते तुमच्या वाट्याला येतं. मी स्वतः माणसांना सांगतो, खरेदी आणि दुरुस्ती मिळून जो आकडा येईल त्यात आणखी एक तृतीयांश घाला. तरीही चांगल्या गाडीच्या किमतीपेक्षा बराच खाली राहिलात, तरच पुढे जा.

पाणी कुठलं होतं, कुठवर होतं, किती वेळ होतं

हे तीन प्रश्न विक्रेत्याला फोनवरच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पेट्रोल जाळून जाऊ नका.

कोकणात 'कुठलं पाणी' हा प्रश्न सगळ्यात मोठा. वाशिष्ठीत पावसाचं पाणी येतं, कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणावरून येतं, आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती ते अडवून धरते. त्यामुळे एकाच पुरात वरच्या अंगाला बुडालेली गाडी गोड्या पाण्यात असते आणि खाडीच्या अंगाला उभी असलेली मचूळ पाण्यात. दिसायला दोन्ही गाड्यांना सारखाच चिखल. गोड्या पाण्यातली गाडी धुऊन, वाळवून वाचू शकते. खाऱ्या पाण्यातली गाडी मी नवख्या माणसाला घेऊ देत नाही.

कारण साधं आहे. मीठ वाळतं, पण जात नाही. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे कनेक्टरच्या आत राहिलेला मिठाचा कण दर पावसाळ्यात पुन्हा ओला होणार, पुन्हा तांबं खाणार. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात, आणि स्पोर्ट्स कारमध्ये वजन कमी ठेवायला अशा जागा पुष्कळ असतात, तिथे खारं पाणी ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी करून टाकतं.

पाणी कुठवर आलं होतं याचा अंदाज साध्या गाडीवरून लावू नका. नेहमीची हॅचबॅक जमिनीपासून १६०-१७० मिलिमीटर वर असते, स्पोर्ट्स कार १२०-१३० च्या आसपास. सीट जवळजवळ फरशीवर. ज्या पाण्यात वॅगन-आरचं फक्त कार्पेट भिजतं, त्यात हिच्या सीटखालच्या वस्तू पूर्ण बुडतात, आणि महागड्या वस्तू नेमक्या तिथेच ठेवलेल्या असतात. पोर्शच्या ९८६ पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा, डबा सीटखाली आहे. तो भिजला की चावी ओळखली जात नाही. पहिल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू झेड-फोरमध्ये छत उघडणाऱ्या पंपाची मोटर छताच्या कप्प्याच्या तळाशी बसते आणि पाण्याच्या वाटा तुंबल्या तर साध्या पावसातही बुडते. पूर तर दूरच राहिला. जी गाडी घ्यायची आहे तिच्यात कुठला डबा कुठे बसतो, हे आधी शोधून कागदावर लिहून घ्या.

पाणी डॅशबोर्डला लागलं असेल, तर माझ्या मते तिथेच थांबावं. ती गाडी पार्टसाठी घ्यायची, रस्त्यावर आणण्यासाठी नाही.

बघायला जाताना

दिवसा जा, पाऊस नसताना जा. सोबत चांगला टॉर्च, छोटा आरसा, स्क्रूड्रायव्हर, कापूस, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि हातमोजे घ्या.

नुसती लाल माती दिसली म्हणून गाडी बुडालेली धरू नका. कोकणातल्या प्रत्येक गाडीत जांभ्याची धूळ असते. ती कुठे आहे ते बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, डिकीच्या अस्तराखालची जागा, इथे उडालेली धूळ पोचत नाही, तिथे पाणीच पोचतं. सीटचे बोल्ट गंजलेले किंवा त्यांच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर सीट काढून गाडी धुतलेली आहे. दहा वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट, आत अत्तराचा भपका, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम बोटाने दाबा. वरून कोरडा, खालून ओला असं हमखास सापडतं.

मिठाची परीक्षा अशी करा. सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण रसायनांच्या दुकानात मिळतं. जहाजातल्या मालाला समुद्राचं पाणी लागलं का, हे मरीन सर्व्हेअर त्यानेच बघतात. कार्पेटखालचा पत्रा किंवा कनेक्टरची बाहेरची बाजू डिस्टिल्ड पाण्याच्या कापसाने पुसा, कापूस बाटलीच्या झाकणात पिळा, त्यात द्रावणाचा थेंब टाका. दुधासारखं पांढरं झालं तर मीठ आहे. नळाच्या पाण्यानेही थोडी धुरकट झाक येते, म्हणून एका झाकणात तेही घेऊन तुलना करा. बाहेरच्या पत्र्यावर ही परीक्षा करू नका, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गाडीच्या बाहेरच्या अंगाला मीठ निघणारच. हातमोजे घालायला विसरू नका, कातडीवर काळे डाग पडतात.

"चालू करून दाखवतो" म्हणाला तर

हात जोडून नको म्हणा. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं, तर पिस्टन वर येतो आणि पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. बऱ्याच स्पोर्ट्स कारची हवा ओढायची नळी खाली असते, म्हणून पाण्यात चालवलेल्या गाडीत हे फार होतं. रॉड मोडला तर लगेच कळतं. थोडासा वाकला तर इंजिन चालतं, सुरळीत वाटतं, आणि काही हजार किलोमीटरनंतर कशेडी घाटाच्या चढात तो रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

योग्य पद्धत ही. सगळे स्पार्क प्लग काढा. क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, घालून सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची वर्तुळाकार रेघ दिसते का बघा. मग एकेक पिस्टन सर्वांत वर आणून प्लगच्या भोकातून सरळ काडी घालून खोली मोजा. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा थोडा जरी खाली थांबत असेल, तर त्याचा रॉड वाकलेला धरा. इंजिनच्या तळाचा ऑइलचा नट फक्त थोडा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांनाही श्वास घ्यायची भोकं असतात, तिथलं ऑइलही असंच तपासा.

विक्रेत्याने हे करू दिलं नाही तर घरी या.

वायरिंग

हा माझा प्रांत, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

माझ्या मावसभावाने एक जर्मन टू-सीटर ऑक्टोबरमध्ये आणली. मला दाखवली तेव्हा व्यवहार झालेला होता. सगळा हिवाळा गाडी सुरेख चालली, मे महिन्यात तो तिने गुहागरला जाऊन आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग एअरबॅगचा दिवा लागला. मग एका रात्री परशुराम घाटात गाडी पूर्ण मेली, दिवे सुद्धा लागेनात, मागून ट्रक उतरत होते. आम्ही टॉर्च हलवत उभे होतो. त्या रात्रीनंतर मी हा विषय हलक्यात घेणं सोडलं.

दोष सापडायला मला तीन आठवडे लागले. चालकाच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये एक जोड होता. बाहेरून स्वच्छ, आत हिरवा. पुराच्या वेळी बॅटरी जोडलेली राहिली होती. बॅटरी जोडलेली असताना वायर पाण्यात बुडाली की धन बाजूचं तांबं विरघळून जायला लागतं. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तार नाही. म्हणून मी नेहमी विचारतो, बॅटरी केव्हा काढली? पाणी भरायच्या आधी, की चार दिवसांनी?

नव्या माणसाला वाटतं की खराब झालेला डबा बदलला की झालं. पण या गाड्यांत इंजिन, ब्रेक, दरवाजे, मीटर यांचे डबे दोन तारांवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. एक बिघडला तर तो बाकीच्यांनाही गोंधळात टाकतो, आणि स्कॅनर भलत्याच डब्याचं नाव दाखवतो. दुसऱ्या गाडीतला डबा आणून लावणंही सोपं नाही. ऑडी-फोक्सवॅगन गटातले अनेक डबे मूळ गाडीशी बांधलेले असतात, बदलल्यावर कंपनीच्या सर्व्हरशी जोडूनच ते मान्य होतात. ते काम चिपळूणला होत नाही, गाडी फ्लॅटबेडवर घालून मोठ्या शहरात न्यावी लागते. तो खर्च पहिल्याच हिशेबात धरा.

एअरबॅग आणि बेल्टचे ताणणारे भाग पाण्यात बुडाले असतील तर नवेच घ्या. भंगारातून आणलेली एअरबॅग कधी भिजली होती हे कुणी सांगू शकत नाही. काही जण दिवा बंद पाडून गाडी विकतात. म्हणून इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि मग विझतो, हे डोळ्यांनी बघा. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तिथे हात घातलाय.

कागद

आरसीवर 'ही पुरात बुडाली होती' असा शिक्का नसतो. त्यामुळे शोध आपल्यालाच घ्यावा लागतो. चेन्नईत डिसेंबर २०१५ ला, केरळात ऑगस्ट २०१८ ला गाड्या बुडाल्या आणि दुसऱ्या राज्यांत जाऊन विकल्या गेल्या. गाडी आधी कुठल्या शहरात होती आणि तिथे पूर केव्हा आला होता, हे जुळवून बघा.

मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दरवर्षी चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. मालक तोच असून २०२१ ला ४५ टक्के आणि २०२२ ला शून्य दिसला, तर मधल्या वर्षात काय झालं ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरवरून इतिहास मिळतो का, तेही बघा. नोंदी एखाद्या जुलैत अचानक थांबल्या असतील तर ते पुरेसं बोलकं आहे.

लिलावातली गाडी आरसीसह आहे की आरसीशिवाय, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द होते. तशी झाली असेल तर कितीही सुंदर दुरुस्त करा, गाडी अंगणातच राहील. पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, कारण टोटल लॉस गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार होतात. नंबर गंजून वाचता येत नसेल तरी सोडा, आरटीओत तपासणीला अडकेल. एम-परिवहन ॲपवर कर्जाचा बोजा आणि चलनं बघून घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, बोजा उतरवायला ३५, दुसऱ्या आरटीओतून रत्नागिरीच्या एमएच-०८ कडे आणायची तर २८ ची एनओसी. इंजिन बदललेलं असेल तर नवा नंबर आरसीवर चढलेला हवा.

विम्याचंही आधीच विचारा. मधे खंड पडलेल्या गाडीची पाहणी केल्याशिवाय कंपनी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण देत नाही. साध्या पॉलिसीत पाण्याने बिघडलेलं इंजिन सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि जुन्या गाडीला ते मिळेलच असं नाही.

जागा, माणसं आणि ऋतू

उघड्यावर हे काम होत नाही. पडवी चालत नाही, झड आत येते. चारी बाजूंनी बंद होणारा मांगर किंवा पत्र्याची शेड हवी, खाली कोबा हवा, आणि वीज हवी. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात सुरू केलेलं काम मेअखेर मार्गी लागलं नाही तर पुढचे चार महिने ते मागे जाईल.

माणसं आधी ठरवा. डेंटर-पेंटर आपल्याकडे उत्तम आहेत. स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सला आणि इलेक्ट्रॉनिक डब्यांच्या कोडिंगला हात लावणारा माणूस मात्र मुंबई-पुण्याहून बोलवावा लागेल. पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक चक्कर मारून या, तुमच्या मॉडेलचं काय मिळतं आणि काय अजिबात मिळत नाही, हे गाडी घेण्याआधीच कळेल.

गाडी घरी आली की पहिल्या दिवशी बॅटरी काढा. मग सीट, कार्पेट, फोम सगळं बाहेर. फोम वाळवत बसू नका, नवा घाला. पत्रा गोड्या पाण्याने धुवा, वाळला की पुन्हा धुवा. प्रत्येक कनेक्टर उघडा, फोटो काढा, चिठ्ठी लावा, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पंख्याखाली ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि आठवडे खातं, पण गाडी वाचते ती इथेच. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांचं ऑइल बदला, आणि शेवटी गाडी चालू झाली की थोडं चालवून पुन्हा बदला. ब्रेक ऑइल पूर्ण काढा, कॅलिपर आणि बेअरिंग उघडून बघा. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा.

आणि पहिला पावसाळा गाडी लांब नेऊ नका. गावात फिरवा, रोज चालू करा. ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागून राहिली की पाचव्या सकाळी शेडमध्ये जा. कार्पेटचा कोपरा उचला, पत्र्याला हात लावा, सीटखालचा तो कनेक्टर उघडा. तांबं लालसर चकचकीत असेल आणि चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागून विझले, तर पाऊस ओसरल्यावर टप उघडा आणि आरे-वारेला जाऊन या.